अल्कलाइन फ्युएल सेलसाठी टिकाऊ, वाहक मेम्ब्रेन कसं घडवावं

अल्कलाइन फ्युएल सेल हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवतो, आणि त्यातली मेम्ब्रेन म्हणजे दोन इलेक्ट्रोडांमधली, हायड्रॉक्साइड आयन वाहून नेणारी पातळ पॉलिमर फिल्म. तिच्यात पहिल्या दिवशी चांगली वाहकता मिळवणं तसं सोपं आहे. क्वाटर्नरी अमोनियम गट (चार कार्बनांशी जोडलेला, धन प्रभाराचा नायट्रोजन) भरपूर लावले की जवळजवळ कुठल्याही पॉलिमरची फिल्म हायड्रॉक्साइड आयन वाहून नेते. तीच फिल्म ८० अंश सेल्सिअसला, हायड्रॉक्साइडच्या अखंड माऱ्यात, कधी ओली तर कधी अर्धवट कोरडी होत शेकडो तास तग धरते का, इथे बहुतेक प्रयत्न अडखळतात. म्हणून या लेखात टिकाऊपणाचा विचार शेवटच्या चाचणीवर ढकललेला नाही. रेणू निवडताना, फिल्म ओतताना, वाहकता मोजताना, दर पायरीला तोच निकष लावला आहे.

उदाहरण म्हणून एकच पॉलिमर शेवटपर्यंत घेऊ: पॉलिअरिल पिपेरिडिनियम, म्हणजे बेन्झिन वलयांच्या साखळीत नायट्रोजन असलेली, धन प्रभाराची सहा कोनी वलयं. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातील युशान यान यांच्या गटाने २०१९मध्ये या कुळातल्या मेम्ब्रेनचा सेल चालवून दाखवला. चांदीवर आधारलेला कॅथोड, अगदी थोडं प्लॅटिनम, ९५ अंशांना दर चौरस सेंटिमीटरला ९२० मिलिवॉट कमाल शक्ती, आणि ५०० मिलिअँपिअरवर ३०० तासांची स्थिर चाल असे त्यांचे आकडे होते. हा पॉलिमर निवडण्याचं दुसरं कारण व्यवहारी आहे. त्याचा कच्चा माल विकत मिळतो आणि साध्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो बनवता येतो. चांगला फ्यूम हूड, व्हॅक्युम ओव्हन आणि इम्पिडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा रोध) मोजणारा पोटेन्शिओस्टॅट असेल तर एम.एस्सी.च्या प्रकल्पातही हे काम बसतं. एनएमआर (रेणूची रचना दाखवणारं उपकरण) स्वतःकडे नसला तरी अडत नाही. आयआयटी मुंबईतल्या सैफसारख्या केंद्रांत बाहेरच्यांचे नमुने तपासून मिळतात.

## सेलमध्ये काय चालतं

अॅनोडवर हायड्रोजन हायड्रॉक्साइडशी संयोग पावतो, पाणी बनतं आणि इलेक्ट्रॉन सुटतात. कॅथोडवर ऑक्सिजन पाणी आणि इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड तयार करतो. तो हायड्रॉक्साइड मेम्ब्रेनमधून कॅथोडकडून अॅनोडकडे जातो. हिशेब केला तर दर दोन इलेक्ट्रॉनांमागे अॅनोडवर पाण्याचे दोन रेणू तयार होतात आणि कॅथोडवर एक खर्च होतो. म्हणजे एक बाजू बुडते आणि दुसरी कोरडी पडते. हा असमतोल नीट लक्षात ठेवा. मेम्ब्रेनच्या आयुष्याचा बराचसा निकाल त्यातून लागतो.

इंग्लंडमध्ये फ्रान्सिस थॉमस बेकन यांनी १९५९मध्ये ५ किलोवॉटचा अल्कलाइन सेल चालवून दाखवला आणि अपोलो यानांतले सेल त्याच तत्त्वावर उभे राहिले. त्यांत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असे. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळला की कार्बोनेटचे स्फटिक इलेक्ट्रोडची छिद्रं बुजवतात. अवकाशात शुद्ध ऑक्सिजन वापरल्याने हा प्रश्न आला नाही. रस्त्यावरच्या गाडीत तो येणारच. पॉलिमर मेम्ब्रेनमध्ये धन प्रभार साखळीलाच बांधलेला असतो, सुटा पोटॅशियम नसतो, त्यामुळे स्फटिक साचत नाहीत. शिवाय अल्कलाइन वातावरणात निकेल आणि चांदीसारखे धातू टिकतात. चीनमधल्या वुहान विद्यापीठात झुआंग लिन आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये मौल्यवान धातू अजिबात न वापरता असा सेल चालवला होता. २०२२मध्ये पुण्यात सादर झालेली सीएसआयआर ही संशोधन परिषद आणि केपीआयटी कंपनी यांची हायड्रोजन बस प्रोटॉन वाहणाऱ्या मेम्ब्रेनवर चालते, आणि त्या प्रकारच्या सेलला प्लॅटिनम टाळणं फार कठीण जातं. अल्कलाइन मेम्ब्रेनसाठी इतकी धडपड चालते ती या खर्चामुळे.

## पायरी १: तुटण्याच्या जागा आधी ओळखा

हायड्रॉक्साइड साखळीवर कसा हल्ला करतो हे कळल्याशिवाय पॉलिमर निवडू नका. धन प्रभाराच्या गटावर मुख्यतः दोन मार्गांनी घाव बसतो. नायट्रोजनला जोडलेल्या कार्बनवर हायड्रॉक्साइड थेट चाल करतो आणि बंध तुटून तृतीयक अमाइन (तीन कार्बनांशी जोडलेला, प्रभार नसलेला नायट्रोजन) उरतं, हा पहिला मार्ग. दुसरा हॉफमन विलोपनाचा: नायट्रोजनपासून दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन हायड्रॉक्साइड ओढून घेतो, दुहेरी बंध तयार होतो आणि अमाइन सुटतं. दोन्हींत प्रभार जातो आणि त्याबरोबर वाहकता.

तिसरी जागा खुद्द कण्यात, म्हणजे पॉलिमरच्या मुख्य साखळीत, असते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पॉलिसल्फोन किंवा पॉलिफिनिलीन ऑक्साइड घेऊन त्यांवर बेन्झिल ट्रायमिथाइल अमोनियम लावायचे ही जुनी, सोपी रीत. त्यांच्या कण्यात अरिल ईथर बंध (बेन्झिन वलयांना ऑक्सिजनने जोडणारे) असतात. शेजारी धन प्रभार आला की हे बंध कमकुवत होतात आणि कणाच कापला जातो. मग वाहकता मोजायला फिल्म हातात उरत नाही. चिमट्याने उचलताच तिचा चुरा होतो. पीव्हीडीएफ या फ्लोरिनयुक्त पॉलिमरचा कणाही टाळा. अल्कलीत त्यातून हायड्रोजन फ्लोराइड निघून जातं आणि फिल्म तपकिरी, मग काळी पडून ठिसूळ होते.

कोणता गट किती टिकतो याची तुलना मारिनो आणि क्रॉयर या संशोधकांनी २०१५मध्ये केली. त्यांनी सुटे रेणू ६ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये १६० अंशांना ठेवले. बेन्झिल ट्रायमिथाइल अमोनियमचं अर्धायुष्य सुमारे ४ तास आलं. डायमिथाइल पिपेरिडिनियमचं सुमारे ८७ तास. सहा कोनांच्या वलयात विलोपनासाठी लागणारी अणूंची रचना सहज जुळत नाही, म्हणून वलय तगतं.

या आकड्यांवर आंधळा विश्वास मात्र नको. पॉलिमरमध्ये तेच वलय दोन बेन्झिन वलयांच्या मध्ये अडकतं, त्याला हवं तसं वळता येत नाही, आणि सुट्या रेणूपेक्षा ते लवकर उघडू शकतं. तरीही ईथर नसलेला अरिल कणा आणि पिपेरिडिनियम ही जोडी आज एखाद्या नवख्या गटाने सुरुवात करावी इतकी भरवशाची आहे. पॉलिएथिलीनवर किरणोत्साराने कलम केलेल्या किंवा पॉलिनॉरबोर्नीनच्या फिल्मही उत्तम निघतात, पण त्यांना वेगळी साधनं लागतात.

## पायरी २: आयन क्षमता कागदावर ठरवा

दर ग्रॅम कोरड्या पॉलिमरमागे किती मिलिमोल प्रभारगट आहेत, ती आयन-विनिमय क्षमता. ती वाढवली की वाहकता वाढते, पण फिल्म पाणी पिऊन फुगते, मऊ होते आणि सेलच्या कडांशी फाटते.

हिशेब सोपा आहे, साखळीच्या एका घटकाचं वजन ग्रॅम प्रति मोलमध्ये काढायचं. टरफिनाइलचा (ओळीत जोडलेल्या तीन बेन्झिन वलयांचा) तुकडा २२८.३, मिथाइल लावलेलं पिपेरिडिनियम ११२.२ आणि हायड्रॉक्साइड १७, बेरीज ३५७.५. दर ३५७.५ ग्रॅममागे एक मोल प्रभार म्हणजे क्षमता २.८० मिलिमोल प्रति ग्रॅम. टरफिनाइलऐवजी दोन वलयांचं बायफिनाइल घेतलं तर हाच आकडा ३.५५ होतो. इतकी फुगणारी फिल्म सांभाळणं कठीण आहे, म्हणून सुरुवातीला टरफिनाइलच घ्या.

आणखी आवर घालायचा असेल तर पिपेरिडोनचा (ज्या कच्च्या मालातून पिपेरिडिनियमचं वलय येतं त्याचा) १५ टक्के वाटा काढून तिथे ट्रायफ्लुरोअॅसिटोफिनोन घाला. ते प्रभार देत नाही, साखळीत नुसतं बसतं. आता सरासरी घटकाचं वजन ३६१.८ आणि क्षमता ०.८५ भागिले ३६१.८, म्हणजे २.३५. पहिल्या फिल्मसाठी मी हीच रचना सुचवेन. वाहकता पुरेशी राहते आणि ओली फिल्म हाताळता येते.

## पायरी ३: पॉलिमर बनवणे

आधी सुरक्षितता, कारण इथे वापरायची रसायनं खरोखर धोकादायक आहेत. ट्रायफ्लुरोमिथेन सल्फॉनिक आम्ल हे अतितीव्र आम्ल आहे. हवेत धूर सोडतं, पाण्याशी भयंकर उष्णता देतं आणि कातडी लगेच जाळतं. मिथाइल आयोडाइड ४२ अंशांना उकळतं, विषारी आहे आणि कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. साधे नायट्राइल हातमोजे त्यापुढे आणि डायक्लोरोमिथेनपुढेही फार वेळ टिकत नाहीत. आत लॅमिनेट प्रकारचे आणि वर नायट्राइलचे घाला. चेहऱ्यावर शील्ड हवीच. एकट्याने, रात्री, हूडबाहेर यातलं काहीही करू नका.

१० मिलिमोलच्या एका घाण्यासाठी प्रमाण असं: पी-टरफिनाइल २.३० ग्रॅम, एन-मिथाइल-४-पिपेरिडोन १.०६ ग्रॅम, ट्रायफ्लुरोअॅसिटोफिनोन ०.२९ ग्रॅम, कोरडं डायक्लोरोमिथेन १० मिलिलिटर. दोन्ही कीटोन (पिपेरिडोन आणि ट्रायफ्लुरोअॅसिटोफिनोन) मिळून १० टक्के जास्त घेतले आहेत, आणि ते मुद्दाम. मेक्सिकोतील मिखाइल झोलोतुखिन यांनी विकसित केलेल्या या अतिआम्ल पॉलिमरीकरणात थोडं जादा कीटोन असलं की साखळी वेगाने आणि अधिक लांब वाढते. नेहमीच्या पायरीपायरीने वाढणाऱ्या पॉलिमरांत प्रमाण अचूक समान ठेवायला शिकवतात. इथे तो नियम बाजूला ठेवावा लागतो. पिपेरिडोन जुनं, पिवळं झालेलं असेल तर कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करून घ्या. लांब साखळी हवी असेल तर मोनोमरच्या शुद्धतेत तडजोड चालत नाही.

सगळं तीन तोंडांच्या फ्लास्कमध्ये, नायट्रोजनखाली, बर्फाच्या पाण्यात ठेवा. टरफिनाइल पूर्ण विरघळणार नाही, पांढरा गढूळपणा राहील, काळजी नको. आधी १ मिलिलिटर ट्रायफ्लुरोअॅसेटिक आम्ल आणि मग सुमारे १० मिलिलिटर ट्रायफ्लुरोमिथेन सल्फॉनिक आम्ल थेंबथेंब, अर्ध्या तासात सोडा. काचेची पिचकारी किंवा ड्रॉपिंग फनेल वापरा. तापमान ५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. रंग गडद होत जातो आणि काही तासांत मिश्रण घट्ट होऊ लागतं.

केव्हा थांबायचं ते घड्याळ सांगत नाही. ढवळणीच्या दांड्याभोवती मिश्रण चढू लागलं आणि काचेच्या काडीने उचलल्यावर पक्क्या पाकासारखी न तुटणारी तार सुटली की साखळी पुरेशी लांब झाली. लवकर थांबलात तर फिल्म तडकते, फार उशीर केलात तर फांद्या फुटून न विरघळणारा जेल हाती येतो. चुंबकाची काडी या घट्टपणात अडकून थांबते, म्हणून यांत्रिक ढवळणी लावा.

मिश्रण मग मोठ्या चंचुपात्रातल्या बर्फाळ, १ मोलर पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बारीक धारेने ओता. कार्बन डायऑक्साइडचा फेस जोरात उसळतो. पात्र किमान तीन-चौथाई रिकामं असू द्या. पॉलिमर तंतूंच्या रूपात बाहेर येतो. तो ताज्या कार्बोनेट द्रावणात ५० अंशांना रात्रभर ठेवा, म्हणजे आत अडकलेलं आम्ल निघेल. मग पाणी उदासीन येईपर्यंत धुऊन ६० अंशांना व्हॅक्युममध्ये वाळवा.

## पायरी ४: मिथाइल गट लावणे

आता साखळीवर तृतीयक अमाइन आहे, प्रभार नाही. २ ग्रॅम पॉलिमर ४० मिलिलिटर डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये टाका, थोडं पोटॅशियम कार्बोनेट घाला आणि अमाइनच्या तिप्पट मोल मिथाइल आयोडाइड सोडा. फ्लास्क बंद करून, अॅल्युमिनियम फॉइलने झाकून खोलीच्या तापमानाला एक-दोन दिवस ढवळा. न विरघळणारा पॉलिमर प्रभार मिळत जातो तसा विरघळू लागतो, आणि द्रावण स्वच्छ झालं की क्रिया बरीच पुढे गेली असं समजा. इथिल अॅसिटेटमध्ये अवक्षेपित करा, पाण्याने धुवा, वाळवा. उरलेलं आयोडाइड आणि डायक्लोरोमिथेन हॅलोजनच्या कचऱ्यात वेगळं साठवा. बेसिनमध्ये एक थेंबही जाऊ नये.

इथे एनएमआर घ्याच. तृतीयक अमाइनवरच्या मिथाइलची खूण साधारण २.२ पीपीएमला (एनएमआरच्या आलेखावरच्या स्थानाचं एकक) असते, क्वाटर्नरी झाल्यावर ३.१च्या आसपास जाते. पहिली पूर्ण नाहीशी व्हायला हवी. पाण्याची खूण मध्ये येत असेल तर नळीत ट्रायफ्लुरोअॅसेटिक आम्लाचा एक थेंब टाकला की ती बाजूला सरकते.

## पायरी ५: फिल्म ओतणे

किती द्रावण ओतायचं ते आधी काढा. १० बाय १० सेंटिमीटरची, २५ मायक्रॉन जाडीची फिल्म हवी असेल तर घनफळ ०.२५ घन सेंटिमीटर, घनता १.३ धरली तर सुमारे ०.३३ ग्रॅम पॉलिमर, म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइडमधल्या ५ टक्के द्रावणाचे साडेसहा ग्रॅम. द्रावण ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टरमधून गाळा. न गाळलेला एक जेलचा कण पुढे छिद्राची जागा होतो आणि तिथून हायड्रोजन थेट ऑक्सिजनला भेटतो.

काच पाणसळीने सपाट लावा, धूळ झाका, ८० अंशांना चोवीस तास ठेवा आणि शेवटी व्हॅक्युम द्या. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात जास्त सावध राहावं लागतं. डायमिथाइल सल्फॉक्साइड हवेतलं पाणी अधाशासारखं ओढतं, आणि फिल्म सुकायच्या आधी पाणी शिरलं की पॉलिमर वेगळा होऊन ती दुधाळ, सच्छिद्र बनते. जून ते सप्टेंबर ओव्हनमधून कोरड्या नायट्रोजनचा मंद प्रवाह सोडा. स्वच्छ, पारदर्शक, फिकट पिवळी फिल्म आली तर काम बरोबर. काच पाण्यात बुडवली की ती आपोआप सुटते. नखाने ओढू नका. एक तुकडा १८० अंशांच्या कोनात दुमडून पाहा. घडीवर तडा गेला तर साखळी आखूड आहे, आणि पुढच्या चाचण्यांत वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मोठ्या किंवा २० मायक्रॉनहून पातळ फिल्मसाठी सच्छिद्र पीटीएफई किंवा पॉलिएथिलीनच्या जाळीचा आधार द्या. फुगणं मग पृष्ठभागाच्या दिशेने न होता जाडीच्या दिशेने होतं आणि कडांवरचा ताण घटतो. पीटीएफईला हे द्रावण ओलं करत नाही. जाळी आधी आयसोप्रोपेनॉलने भिजवा आणि पॉलिमर त्यात अवक्षेपित होतो का ते छोट्या नळीत आधी पाहून घ्या.

## पायरी ६: आयोडाइड काढून हायड्रॉक्साइड आणणे

क्वाटर्नरी अमोनियम आयोडाइडला घट्ट धरून ठेवतं. एकदा बुडवून ते निघत नाही. १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ६० अंशांना चोवीस तास ठेवा आणि त्या काळात द्रावण तीन-चार वेळा बदला. भांडं पॉलिप्रॉपिलीनचं घ्या, गरम अल्कली काच खाते. मग नायट्रोजन सोडून कार्बन डायऑक्साइड काढलेल्या पाण्याने, झाकून, धुवा. खात्रीसाठी फिल्मचा तुकडा सोडियम नायट्रेटमध्ये भिजवा, ते पाणी नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करा आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. पिवळट साका आला तर आयोडाइड उरलं आहे. उरलेलं आयोडाइड पुढे उत्प्रेरकावर जाऊन बसतं.

## पायरी ७: मोजणे, आणि फसवणूक टाळणे

क्षमता मोजायला फिल्म पूर्ण क्लोराइड रूपात आणा, धुऊन वाळवा, वजन घ्या, सोडियम नायट्रेटमध्ये भिजवा आणि सुटलेलं क्लोराइड ०.०१ मोलर सिल्व्हर नायट्रेटने, क्रोमेट दर्शक टाकून मोजा. आपल्या रचनेच्या ०.१०० ग्रॅम फिल्मला साधारण २२.५ मिलिलिटर लागायला हवेत. १९ वर रंग बदलला तर मिथाइलीकरण अर्धवट आहे, किंवा आयोडाइड अडकलं आहे.

पाणी किती शोषलं यावरून प्रत्येक प्रभारामागे पाण्याचे किती रेणू आहेत ते काढा. ६० टक्के शोषण आणि २.३५ क्षमता असेल तर ६०० भागिले १८ भागिले २.३५, म्हणजे सुमारे १४ रेणू. ही संख्या वहीत ठळक लिहा. पुढे टिकाऊपणाचा अर्थ लावताना तिचाच आधार लागेल.

वाहकतेत सर्वांत जास्त गफलत होते. चार टोकांच्या पकडीत पट्टी लावायची, इम्पिडन्स घ्यायचा आणि अंतर भागिले रोध, रुंदी व जाडीचा गुणाकार, इतकंच सूत्र. १ सेंटिमीटर अंतर, १ सेंटिमीटर रुंदी, ३० मायक्रॉन जाडी आणि ३,३३० ओम रोध असेल तर वाहकता दर सेंटिमीटरला १०० मिलिसिमेन्स. जाडी मोजण्यात १० टक्के चूक झाली तर उत्तरातही तितकीच, म्हणून ओल्या फिल्मची जाडी पाच ठिकाणी मोजा.

मोठी फसगत हवेची. हवेतला कार्बन डायऑक्साइड काही मिनिटांत हायड्रॉक्साइडचं बायकार्बोनेट आणि कार्बोनेट करू लागतो. पाण्यात हायड्रॉक्साइडची मोलर वाहकता १९८ आणि बायकार्बोनेटची ४४.५, जवळपास साडेचारपट फरक. उघड्यावर मोजलेली फिल्म त्यामुळे निकृष्ट भासते. उलट, धुण्यात कसर राहून आत सुटं पोटॅशियम हायड्रॉक्साइड उरलं तर ती आहे त्याहून चांगली भासते. दोन्ही चुका एकाच वेळी झाल्या तर आकडा बरोबरही दिसू शकतो, आणि तेव्हा तो सर्वांत निरुपयोगी असतो. इस्राएलच्या टेक्निऑनमधील दारिओ डेकेल यांच्या गटाने यावर चांगली पद्धत दिली आहे. आर्द्र नायट्रोजनमध्ये फिल्मवर बाहेरून छोटा प्रवाह सोडून ठेवायचा. एका टोकाला पाण्यातून नवा हायड्रॉक्साइड तयार होतो, कार्बोनेट दुसऱ्या टोकाकडे ढकललं जाऊन वायुरूपात निघून जातं, आणि वाहकता चढत जाऊन स्थिरावते. तो स्थिर आकडा लिहायचा.

## पायरी ८: अल्कलीतली चाचणी

१ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ८० अंश, झाकणबंद पीटीएफईचं भांडं, किमान महिनाभर; दर आठवड्याला द्रावण बदला आणि तुकडा काढा. प्रत्येक तुकड्यावर क्षमता, एनएमआर आणि ओल्या अवस्थेतली तन्यता तपासा. फक्त वाहकता पाहून निर्णय घेऊ नका. साखळ्या तुटल्या की फिल्म जास्त फुगते, जास्त पाणी धरते, आणि वाहकता काही काळ तशीच राहते, कधी वाढतेसुद्धा.

एनएमआरमध्ये ५ ते ६.५ पीपीएमच्या पट्ट्यात नव्या बारीक खुणा दिसल्या तर विलोपन होऊन वलय उघडतं आहे. तशा खुणा नसताना २.२च्या आसपास मिथाइल परत आलं तर थेट हल्ल्याने मिथाइल निघतं आहे. पहिल्या बाबतीत रेणूची रचना बदलावी लागते, दुसऱ्यात तापमान आणि आर्द्रता सांभाळून आयुष्य वाढवता येतं.

आता ती १४ रेणूंची संख्या. डेकेल यांच्याच गटाने दाखवून दिलं की हायड्रॉक्साइडभोवती पाण्याचे रेणू कमी झाले की त्याची आक्रमकता प्रचंड वाढते. भरपूर पाण्यात तो पाण्याने वेढलेला, शांत असतो. चार-पाच रेणूंवर आला की साखळीवर तुटून पडतो. अल्कलीच्या बाटलीतली चाचणी ही फिल्म पूर्ण भिजलेली असतानाची, म्हणजे सौम्य चाचणी आहे. सेलमध्ये मोठ्या प्रवाहाला कॅथोडची बाजू कोरडी पडते, आणि बाटलीत महिनाभर जशीच्या तशी राहिलेली फिल्म तिथे काही दिवसांत ढासळू शकते. म्हणून बाटलीतल्या निकालावर थांबू नका. तीच फिल्म नियंत्रित आर्द्रतेच्या, कार्बन डायऑक्साइड नसलेल्या नायट्रोजनमध्ये अर्धवट कोरडी ठेवूनही तपासा.

## पायरी ९: सेलमध्ये

इलेक्ट्रोडमध्ये उत्प्रेरकाबरोबर याच कुळातला आयोनोमर (आयन वाहणारा पॉलिमर), घन भागाच्या साधारण २० ते ३० टक्के, मिसळून कार्बन कागदावर फवारा. मेम्ब्रेन आणि इलेक्ट्रोड दोन्ही वेगवेगळे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बदलून ओलेच सेलमध्ये कसा. गरम दाबाने चिकटवायची गरज नाही. हायड्रॉक्साइड रूपातली फिल्म कोरडी तापवली तर तिथेच तिचं नुकसान होतं.

पहिल्या फेरीत अॅनोडवर प्लॅटिनम-रुथेनियम आणि कॅथोडवर प्लॅटिनम घ्या, ऑक्सिजन वापरा. मेम्ब्रेनची परीक्षा घेताना उत्प्रेरकाची अनिश्चितता मध्ये नको. निकेल, चांदी आणि हवा नंतर. हवा वापराल तेव्हा ती सोडालाइमच्या (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या रसायनाच्या) नळीतून गाळूनच.

आर्द्रता ठरवताना सुरुवातीचा हिशेब आठवा. अॅनोडवर पाणी तयारच होतं, म्हणून तिकडचा दवबिंदू सेलच्या तापमानापेक्षा काही अंश कमी ठेवा आणि कॅथोडचा जवळपास सेलइतका. फिल्म पातळ असेल तर अॅनोडचं पाणी मागे झिरपून कॅथोडला मिळतं. जाड फिल्म अधिक टिकेल असं वाटतं खरं, पण अल्कलाइन सेलमध्ये या झिरपण्यामुळे २० ते ३० मायक्रॉनची फिल्म बहुधा जास्त जगते. तन्यतेची उणीव जाळीच्या आधाराने भरून काढता येते, पाण्याची उणीव भरून काढायला दुसरा उपाय नाही.

स्थिर प्रवाहावर, दर चौरस सेंटिमीटरला ५०० मिलिअँपिअरवर, सेल चालवा आणि व्होल्टेजबरोबर उच्च वारंवारितेचा रोध सतत नोंदवा. ३० मायक्रॉन आणि १०० मिलिसिमेन्स वाहकतेच्या फिल्मचा स्वतःचा वाटा ०.०३ ओम चौरस सेंटिमीटर येतो. रोध चढू लागला की दोन्ही वायूंची आर्द्रता तासभर वाढवून पाहा. रोध खाली आला तर फिल्म नुसती कोरडी पडली होती. नाही आला तर प्रभारगट गेले आहेत. रोध स्थिर असताना व्होल्टेज घसरत असेल तर मेम्ब्रेनला दोष देऊ नका. अॅनोड पाण्याने भरला असेल, किंवा आयोनोमरमधली बेन्झिन वलयं उत्प्रेरकाला चिकटली असतील, किंवा कॅथोडवर त्यांचं ऑक्सिडीकरण होऊन फिनॉल तयार होत असेल. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेने या शेवटच्या दोन गोष्टींचा बारकाईने अभ्यास केला आहे, आणि टरफिनाइलची लांब वलयसाखळी चिकटण्याच्या बाबतीत विशेष त्रासदायक असते.

सेल उघडल्यावर मेम्ब्रेनचे तीन तुकडे करा: वायू शिरतो त्या बाजूचा, मधला आणि वायू बाहेर पडतो त्या बाजूचा. तिघांची क्षमता वेगवेगळी मोजा. एकाच टोकाला घट असेल तर प्रश्न पाण्याच्या वाटपाचा आहे. प्रवाहमार्ग आणि दवबिंदू बदलून तीच फिल्म पुन्हा लावा. तिन्हींत सारखी घट आली तर पिपेरिडोनचं प्रमाण किंवा टरफिनाइलचा कणा बदलून पायरी २वर परत जा. आणि क्षमता जशीच्या तशी असून कडेला तडे असतील, तर रसायनशास्त्राला हात न लावता गॅस्केटची जाडी, सेल कसण्याचा दाब आणि आधाराची जाळी पाहा.